बुवांच्या तोडीतलं ‘घे गो’

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एका खोलीत चार माणसं बसवा, एकच गाणं आधी जुन्या रेकॉर्डवर आणि मग नव्या सीडीवर ऐकवा आणि फक्त एवढंच विचारा, “कुठलं बरं?” पुढचं सगळं आपोआप होतं! महाडला भाऊ वकिलांच्या माडीवर दर रविवारी सकाळी आमचा हा उद्योग चालायचा. तिथून मी कधी किस्स्याशिवाय परतले नाही. आणि एक काळ असा आला की किस्स्याबरोबर एक काळजीही घेऊन परतायची.

मी तेव्हा कोलकात्याहून ध्वनिमुद्रण शिकून नुकतीच घरी आले होते. बरोबरच्या सगळ्यांनी मुंबईचे स्टुडिओ गाठले. मी ठरवलं होतं, आपल्याकडे घराघरांत जुन्या रेकॉर्डी धूळ खात पडल्यात, त्यांतलं गाणं वाचवायचं. त्याच सुमारास कंपन्या जुनं गाणं साफसूफ करून, ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असा शिक्का मारून सीडीवर पुन्हा काढायला लागल्या होत्या. मला वाटायचं, आता सगळं वाचणार! भाऊंना वाटायचं, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. भाऊ फौजदारीचे वकील. सीडी माडीवर आली की ती पहिल्या मिनिटापासून आरोपी!

*

एकदा मी भाऊंची परीक्षाच घेतली. भाऊंच्या पत्नीची, म्हणजे आमच्या काकूंची, जुनी साडी दोरीवर टाकून पडदा केला. पडद्यामागे एकीकडे रेकॉर्ड प्लेअर, दुसरीकडे सीडी प्लेअर. दोन्हीवर एकाच गायिकेची तीच ठुमरी. कुठलं काय, ते फक्त मला माहीत.

पहिलं वाजलं. भाऊंनी डोळे मिटले, मान डोलावली. “वा! याला म्हणतात जिवंत आवाज. ही रेकॉर्ड. सांगायची गरजच नाही.”

दुसरं वाजलं. भाऊंनी नाक मुरडलं. “हे तुमचं प्लॅस्टिक.”

मी पडदा बाजूला केला. पहिली सीडी होती!

 भाऊंनी सीडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “इंजिनीअरबाई, साक्षीदार फोडलात तुम्ही!”

*

आमच्यातले धोंडूमामा आंबेनळीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत राहायचे. म्हशी पाळायचे, डोंगरावर नाचणी करायचे. मूळचे ते भाऊंचे पक्षकार, बांधाच्या भांडणातले. केस कधीच निकाली निघाली, पण मामांचं येणं काही निकाली निघालं नाही. रविवारी तुपाची बरणी घेऊन यायचे आणि भिंतीला टेकून ऐकत बसायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा भाऊंनी एक फार जुनी रेकॉर्ड लावली होती. खरखर, चरचर, मधूनच फट् फट्. मामा बराच वेळ स्वयंपाकघराकडे बघत होते. शेवटी हळूच विचारलं, “वकीलसाब, भजी चाललीत जनू?”

मी लगेच त्याच गाण्याची रीमास्टर्ड सीडी लावली. चरचर गायब, नुसतं स्वच्छ गाणं. मला वाटलं, बघा, हा फरक साध्या कानालासुद्धा कळतो. मामांचा चेहरा खुलला. सावरून बसले आणि म्हणाले,

“झाली वाटतं. आना की मग!”

*

नंदूशेठ माझ्या पक्षातले. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. सीडी प्लेअर त्यांनीच माडीवर आणून ठेवला होता. पण माझ्या पक्षात असून त्यांनी मला जेवढं तोंडघशी पाडलं तेवढं भाऊंनीही नाही.

काही कंपन्या रीमास्टर करताना सगळा आवाज सरसकट मोठा करायच्या. गाणाऱ्याने कुजबुजून घेतलेली जागाही आरोळीएवढी मोठी. मी पोटतिडकीने सांगत होते, की हे चुकीचं आहे, हळू गायलेलं हळूच राहिलं पाहिजे. नंदूशेठ म्हणाले, “मॅडम, उलट फायदा आहे. बाई हळू बोलली तरी नीट ऐकू येतं!”

भाऊंनी संधी सोडली नाही. “शेठ, हेच मशीन घरी लावाल का? वहिनी हळू बोलल्या तरी नीट ऐकू येईल.”

नंदूशेठ गंभीरपणे म्हणाले, “आमच्याकडे माल मुळातच रीमास्टर्ड आलाय.”

*

एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढायला लागलं. महाडच्या माणसाला याचं नवल नाही, पण भाऊंचं सगळं लक्ष रेकॉर्डींकडे. माडीवरही भरवसा नाही म्हणून त्यांनी एकेक खोकं पत्र्याखालच्या माळ्यावर चढवलं. आधी खयालवाले, मग ठुमरीवाले, मग नाट्यगीतं. काकू लोणच्याची बरणी छातीशी धरून जिन्याच्या पायरीवर उभ्या. पाणी ओसरीवर आलं, तरी भाऊंची नाट्यगीतं संपेनात.

शेवटी काकू म्हणाल्या, “लहानपणी गाणं शिकले असते तर एव्हाना मीही वर पोचले असते!”

पाणी ओसरलं. माणसं, बरणी, रेकॉर्डी, सगळं वाचलं. फक्त खोकी खाली आणायचा आळस झाला आणि पाऊस सरल्यावर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या धगीने काही रेकॉर्डी वाकल्या. त्यांत एक बुवांची होती. माझी काळजी सुरू झाली ती तेव्हापासून.

*

बुवा आमच्या खालच्या कोकणातलेच. नाव सगळीकडे, पण रेकॉर्डी मोजक्या. त्यांतल्या तोडीच्या रेकॉर्डवर त्यांच्या मागे तंबोऱ्याला एक मुलगी बसली होती, त्यांची शिष्या. ती म्हणजे आमच्या कुसुमताई. पुढे पोलादपूरला शाळेत शिक्षिका झाल्या, मैफलीत कधी गायल्या नाहीत. निवृत्तीनंतर रविवारी सकाळच्या एसटीने महाडला यायच्या.

रेकॉर्डच्या पाकिटावर तबलजीचं नाव आहे, पेटीवाल्याचं आहे, ताईंचं नाही. पण आत, द्रुत लयीत बुवा श्वास घ्यायला थांबतात आणि मागे वळून म्हणतात, “घे गो!” आणि एक कोवळा आवाज आवर्तनभर जागा घेऊन समेवर येतो. ताईंचं सगळं गाणं जगात एवढंच नोंदलेलं!

भाऊ प्रत्येक पाहुण्याला ती जागा ऐकवायचे. सुई उचलायची, बरोबर तिथे टेकवायची, ऐकून झालं की पुन्हा उचलायची. आम्ही सगळे ताईंकडे बघायचो आणि ताई खिडकीबाहेर बघायच्या. भाऊ आमच्या कानात म्हणायचे, “भरून येतं हो तिला.”

पुण्याचे एक पाहुणे मात्र गोंधळले. “बुवा इंग्रजीतून ‘गो’ म्हणाले? आधी घे म्हणतात, मग जा म्हणतात. त्या बिचारीने करायचं काय?”

भाऊ म्हणाले, “कोकणात आहात. इथे घेऊनच जातात!”

सगळे हसले. मला हसू येईना. कारण मी भिंग लावून ती रेकॉर्ड पाहिली होती. त्याच एका जागी सुई टेकवून टेकवून खोबण झिजली होती. वर ती उन्हाने वाकलेली, त्यामुळे सूर लाटेवर बसल्यासारखा हलायचा. जी जागा आम्हाला सगळ्यांत लाडकी, तीच आम्ही दर वेळी खरवडून काढत होतो! मी कॉम्प्युटरवर तिची नक्कल केली, पण तिथे खरखरीखाली ताईंचा आवाज नुसता चाहूल लागावी इतकाच उरला होता. दुसरी प्रत कुठे मिळेना.

भाऊंना मी हात जोडून सांगितलं, “भाऊ, आता ती जागा लावू नका.”

“बरं,” भाऊ म्हणाले, “एकदाच शेवटची.” आणि सुई टेकवली.

*

आणि मग बातमी आली. मूळ रेकॉर्ड काढणारी कंपनीच बुवांची तोडी रीमास्टर करून सीडीवर काढणार! मी अक्षरशः नाचले. कंपनीकडे मूळ टेप असणार. तिच्यावर ना खरखर, ना वाक. ताईंचा आवाज त्या दिवशी जसा होता तसा! मी माडीवर भाषणच ठोकलं. भाऊसुद्धा पहिल्यांदा म्हणाले, “या आरोपीला जामीन द्यायला हरकत नाही.”

ताईंनी विचारलं, “सगळं स्पष्ट ऐकू येणार गो?”

“सगळं, ताई! अगदी काल गायल्यासारखं!”

ताई चष्मा काढून पुसत बसल्या. भाऊ माझ्या कानात म्हणाले, “भरून आलं.”

सीडी मुंबईहून आली तेव्हा मी दुपारी घरी दार लावून, हेडफोन घालून एकटीच ऐकायला बसले. तंबोरे असे, की तारा मोजाव्यात. बुवांचा आवाज समोर बसल्यासारखा. ती जागा जवळ आली. बुवा थांबले.

आणि काहीच नाही! नुसते तंबोरे आणि तबल्याचा ठेका. आवर्तनभर रिकामं. मग बुवा पुढे निघाले.

मला वाटलं, मी चुकले. पुन्हा लावलं, पुन्हा पुन्हा लावलं. मग लक्षात आलं, तबल्याचा जो बोल तिथे वाजतो, तो हुबेहूब त्याच वजनाने आधीही एकदा वाजतो. दुसरीकडचं रिकामं आवर्तन उचलून इथे चिकटवलं होतं! ‘घे गो’ गेलं आणि त्याच्याबरोबर ताईही गेल्या.

मी घाईने कंपनीला फोन लावला. बऱ्याच टेबलांवरून फिरल्यावर एक सद्गृहस्थ मिळाले. म्हणाले, “हां, तिथे गाण्यात कुणीतरी बोललं होतं. डिस्टर्बन्स होता, मॅडम. आम्ही काढून दिला.” आणि मी काही बोलायच्या आत अभिमानाने, “कळतसुद्धा नाही ना?”

*

भाऊ, नंदूशेठ आणि मी, तिघांची बैठक बसली. ताईंना हे कळता कामा नये, यावर तिघांचं एकमत. माडीच्या इतिहासातलं पहिलं!

“सीडी आलीच नाही म्हणू,” मी म्हटलं.

“मी त्यांना फोन करून सांगितलं की आली,” नंदूशेठनी कबुली दिली. “आनंदाच्या भरात.”

भाऊ म्हणाले, “मग प्लेअर बिघडला म्हणू.”

“माझ्या दुकानातला प्लेअर? गावात काय तोंड दाखवू?”

अखेर वीज घालवायची ठरली. सीडी त्या जागेपाशी आली की भाऊ खोकतील, खाली जिन्याजवळ उभे असलेले नंदूशेठ मेन स्विच बंद करतील आणि आपण सगळे मिळून विजेच्या नावाने बोटं मोडू. महाडात यावर कुणीही विश्वास ठेवेल!

रविवारी ताई आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून. धोंडूमामा आपल्या भिंतीला. काकूही कधी नव्हे त्या वर येऊन बसल्या. मी सीडी लावली.  विलंबित संपलं, द्रुत आलं. ती जागा जवळ आली आणि भाऊ खोकले.

काही नाही. भाऊ पुन्हा खोकले. मग जोरात खोकले. वीज जाईना!

इतक्यात नंदूशेठ दारात उभे. “काय झालं भाऊ? पाणी आणू?”

आणि बुवा थांबले.

*

तंबोरे. ठेका. बाकी काही नाही. ते आवर्तन एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. ताई सीडी प्लेअरकडे बघत होत्या. बुवा पुढे निघाले, तोडी संपली.

“मला काढलं वाटतं,” ताई म्हणाल्या.

धोंडूमामा सगळ्यांत आधी चिडले. “आसं कसं काढतील? गाय हाय का दावनीची, सोडली नि नेली?”

भाऊ उभे राहिले. “ताई, मी नोटीस काढतो. उद्याच. हा उघड उघड...”

“बसा हो वकीलसाहेब,” ताई म्हणाल्या. “बरं झालं!”

“काय?”

“गंधार चढला होता माझा. तोडीचा गंधार कसा खाली, दबून बसायला हवा. बुवा एकदम वळले, म्हणाले घे गो, आणि मी घाबरले. गेला वर. एक अक्षर बोलले नाहीत ते, तशीच रेकॉर्ड निघाली. आणि तुम्ही माणसं! जो येईल त्याला तेवढंच ऐकवता आणि माझ्या तोंडाकडे बघता. भाऊ, खिडकीतनं तुमच्या शेजाऱ्यांची धुणी बघून बघून मला त्यांच्या घरातली माणसं पाठ झालीत!”

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, कळेना. गंधार खरंच चढला होता का? भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे. वाकलेल्या, झिजलेल्या रेकॉर्डवरून ते सांगता येण्यासारखं नव्हतंच.

“पुन्हा लाव गो,” ताई मला म्हणाल्या. “तिथनंच.”

मी जागा शोधली. बुवा आले, तान संपवून थांबले. तंबोरे राहिले, ठेका राहिला. ताईंनी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि जागा घेतली. आवाज म्हातारा होता, कडेने थोडा फाटत होता. गंधार खाली, दबून, जिथे बसायचा तिथे बसला. ताई समेवर आल्या आणि तिथूनच बुवांनी पुढची तान उचलली.

भाऊंना या वेळी खोकला आला नाही. 

ताईंनी डोळे उघडले, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, “त्या कंपनीवाल्याला फोन कर. म्हणावं, जागा रिकामी ठेवलीत ते बरं केलंत!”