साफ केलेलं गवत

आमच्या सोसायटीतलं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन एकच पावसाळा चाललं. ते का बंद केलं असं विचारलं तर अध्यक्षांच्या गाडीची काच फुटली म्हणून, असं जुने लोक अजून सांगतात. सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे ठरावात ते कारण लिहिलंही मीच. कारण खोटं नाही. पण त्याआधी त्या मशीननं एका बाईची म्हैस मारली होती, आणि हे सोसायटीत फक्त मला माहीत होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नेरूळला आम्ही नवे नवे राहायला आलो होतो. चार बिल्डिंगा आणि मधे मोकळं मैदान. मैदान म्हणायचं आपलं, श्रावणात तिथे कंबरेएवढं गवत माजायचं. सारसोळे गावातली एक बाई ते विळ्यानं कापून न्यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. देणं नाही, घेणं नाही. मैदान आमचं साफ व्हायचं, गवत तिच्या म्हशीला मिळायचं. तिची भातशेती या नव्या शहराखाली गेली होती. नवरा नव्हता. राहिली होती ती एक म्हैस. तिचं दूध ती आमच्या दोन बिल्डिंगांना घालायची आणि त्यावर तिचं घर चालायचं.

ती कापायची मात्र फार सावकाश. एक मूठ धरायची, कापायची, मग ती मूठ पायाच्या टाचेवर दोनदा आपटून त्यातून बोटं फिरवायची आणि मगच भाऱ्यावर ठेवायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, या हिशेबानं दिवाळी येईल."

"तारा हायत यात, सायेब," ती मान वर न करता म्हणाली. "बिल्डिंगी बांधनारे टाकून गेलेत. म्हशीच्या पोटान गेली का संपलाच मंग."

खरंच, सळया बांधायच्या बारीक तारांची गंजलेली वेटोळी मैदानभर पडलेली होती. तिच्या कमरेच्या पिशवीत रोज चार-पाच तरी निघायची. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी गिरणगावातल्या चाळीत वाढलेला माणूस; माझ्या लेखी दूध बाटलीतून यायचं.

त्या वर्षी तळमजल्यावरच्या एका घरात साप निघाला आणि कमिटी खडबडून जागी झाली. बाईच्या हाताला वेग नाही, मशीन आणा, असं ठरलं. एका सभासदानं ओळखीनं कुठल्याशा कारखान्याच्या बागेतलं जुनं मशीन आणलं. वॉचमन ते दर रविवारी सकाळी चालवायचा. काय तो आवाज! बोलणाऱ्याचं तोंड नुसतं हललेलं दिसायचं, आणि निळा धूर तळमजल्याच्या खिडक्यांतून थेट स्वयंपाकघरात. पण दोन तासांत मैदान चकाचक व्हायचं आणि आम्ही गॅलरीत उभे राहून चहा पीत कौतुकानं बघायचो. विलायतेत राहतो की काय असं वाटायचं.

पहिल्याच रविवारी मावशी विळा घेऊन फाटकाशी उभी राहिली. "मंग माजा गवत?" तिनं विचारलं. आजूबाजूचे सगळे प्लॉट बांधकामाला निघाले होते, जवळपास कापण्याजोगं एवढंच उरलं होतं. मला वाईट वाटलं. मीच कमिटीला सुचवलं की मशीननं कापलेलं गवत फाटकाशी ढीग करून ठेवावं, ते तिनं न्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गरिबाचं नुकसान होऊ दिलं नाही म्हणून मी त्या दिवशी स्वतःवरच खूश होतो. आज त्या खुशीची किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तेव्हा ती ढिगापाशी बसली होती. ते गवत कोथिंबीर चिरावी तसं बारीक झालेलं. तिनं ओंजळीत घेऊन पाहिलं, पुन्हा खाली टाकलं. "ह्यो तपासाचा कसा, सायेब?"

मला उशीर होत होता. "तपासायचं काय त्यात, मावशी? वॉचमननं साफ करून ठेवलंय सगळं. खुशाल घेऊन जा."

वॉचमननं कागद, पिशव्या आणि पानाच्या पुड्या उचलल्या होत्या. साफ म्हणजे माझ्या डोक्यात तेवढंच होतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि पोतं भरायला लागली.

गणपतीनंतर एके दिवशी दूध आलं नाही. दोन दिवस नाही, तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी तक्रार करायची म्हणून मी तावातावानं सारसोळ्यात गेलो. गोठ्यात म्हैस पुढचे पाय फाकवून, मान लांब करून उभी होती. गळ्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबत होती. समोरच्या चाऱ्याला तिनं तोंड लावलेलं नव्हतं. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसती "खा गो, खा" म्हणत होती. मी दुधाचा विषय काढलाच नाही. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता. तार काळजापर्यंत गेली आहे, आता इलाज नाही, असं तो सांगून गेला होता.

पाच दिवसांनी म्हैस गेली. डॉक्टरनं फाडून पाहिलं आणि निघालेली तार मावशीच्या हातावर ठेवली. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं ती मला दाखवली. बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन्ही टोकं चेपून तुटलेली. असले तुकडे मी ओळखत होतो. रविवारी मशीन फिरून गेलं की ते आमच्या चपलांच्या तळव्यात रुतायचे. विळ्यानं तार तुटत नाही, ती अख्खी हाताला लागते. हा तुकडा मशीनचा होता.

"माज्याच हातून ऱ्हायली," मावशी म्हणाली. "पार खाडीकडच्या रस्त्याचा गवत कापला व्हता मी मधी. तिन्हीसांजेला, घाईनं. डोलं गेलं आता माजं."

मी तो तुकडा तिच्या हातावर परत ठेवला.

"तुमचा तं साफ केल्याला व्हता," ती म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मग भरपाईचं काय, कमिटी काय म्हणेल, गाववाले फाटकाशी येतील का, असले विचार माझ्या डोक्यात इतक्या भराभर आले की मला माझीच लाज वाटली. लाज वाटली तरी तोंड उघडलं नाही. चहा घेऊन मी परत आलो.

दिवाळीच्या आधी मशीनखालून उडालेल्या खड्यानं अध्यक्षांच्या गाडीची पुढची काच फुटली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. आवाज, धूर, पेट्रोलचा वास, सगळं एकाएकी सगळ्यांना आठवलं. मशीन बंद करण्याचा ठराव एकमतानं पास झाला आणि ते भंगारात गेलं. पुढच्या पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं तेव्हा कमिटीनं मलाच पाठवलं. बाईला बोलवा, या वेळी मजुरीही देऊ म्हणावं.

मी गेलो. गोठ्याला दार बसवून तिनं तिथे भाडेकरू ठेवले होते. ती ओट्यावर बसली होती. मी कामाचं सांगितलं, मजुरीचं सांगितलं.

तिनं दोन्ही हात पुढे करून तळवे माझ्यासमोर धरले. "ह्या हातांवर आता इस्वास नाय, सायेब. चाळीस वर्सा गवत कापला, कदी चुकला नाय. चुकला तं आपलीच म्हस मारली. आता कुनाच्या जनावराच्या तोंडान माजा गवत नको."

ते दोन्ही हात माझ्यासमोर तसेच होते. तिची चूक नव्हती, एवढं म्हणायला मला कुणाची परवानगी लागणार होती? भरपाईही आता कुणी मागितली नसती. मी म्हणालो, "बघा, विचार करा," आणि चपला घातल्या.

संध्याकाळी कमिटीनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, नाही म्हणते.

"माजलेत हे गाववाले," अध्यक्ष म्हणाले. "आता काय पालखी पाठवायची?"

सगळे हसले. मीही हसलो.