उजवीकडच्या फेऱ्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे, तेवढं माफ करावं. जनूकाका गेले त्याला वर्ष होईल, म्हणून लिहून ठेवते.

काका ठाण्यात रिक्षा चालवायचे. उजवीकडे वळायचं असलं की चौकाच्या कितीतरी आधी इंडिकेटर देऊन उजव्या लाईनीत जायचे आणि हिरवा बाण लागेपर्यंत गप्प उभे राहायचे. कधी लाईन चुकलीच तर सरळ जाऊन पुढच्या चौकातून वळून यायचे आणि जास्तीचं भाडं सोडून द्यायचे. म्हणायचे, "चुकलो आपण, त्याच्या खिशाला कशाला भुर्दंड?"

मला रिक्षा त्यांनीच शिकवली. तरी एकदा घाईत मी डाव्या लाईनीतून एकदम उजवीकडे घातली. सरळ येणारी स्कूटरवाली बाई आपटली, तिचा हात मोडला. दवाखान्याचे आठ हजार काकांनी भरले. मला म्हणाले, "रडतेस काय? हात तिचा मोडलाय."

त्यानंतर मी उजवीकडे वळायचंच सोडलं. चौक ओलांडून तीनदा डावीकडे वळायचे आणि हव्या त्या रस्त्याला लागायचे. गिऱ्हाइकं विचारायची, "ताई, ठाणे दर्शनाचे वेगळे पैसे का?" भाडी तुटली. घर तर त्या रिक्षावरच चालत होतं. शेवटी, रिक्षा विकून तुमचे पैसे देते, असं काकांना सांगायला गेले.

ते तेव्हा गुडघ्यांमुळे घरीच असायचे. म्हणाले, "रोख नको. रोज मला व्यायामाला दवाखान्यात ने. मीटर होईल तेवढे फिटले. पण मोठ्या चौकातून, उजवीकडे. फिरवून नेलंस तर ती फेरी धरणार नाही."

पहिल्या दिवशी मी फिरवूनच नेलं. त्यांनी हिशोबाच्या वहीत काही लिहिलं नाही. "हवा छान लागली, बाय," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी उजवी लाईन धरली. इंडिकेटर कितीतरी आधी दिला.

"काका, मागे बस चिकटलीय."

"चिकटू दे. तिलापण तिकडेच जायचंय. तू बाण बघ."

बाण हिरवा झाला. समोरचा रस्ता थांबलाय याची खात्री केली आणि वळले. त्या दिवशी वहीत पहिले अडतीस रुपये लागले.

पावसाळा गेला, थंडी गेली. शेवटच्या फेरीला तीस रुपये उरले होते. मीटर एक्केचाळीस झालं. काकांनी चष्मा वर करून मीटर वाचलं, अकरा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि काठी टेकत दवाखान्यात गेले.