कय्युमभाईंचा तिसरा रस्ता

जळगावातल्या रस्त्यांची माहिती हवी असेल तर नकाशा बघू नका, कय्युमभाईंना विचारा. टायर खोलता खोलता ते अख्खा इतिहास काढतात. त्यांच्या वडिलांच्या वेळी ट्रक जुन्या गावातून, बाजाराला घासून जायचे; पंक्चरचं दुकान तिथेच होतं. मग हायवे गावाबाहेर सरकला, मागोमाग दुकानही सरकलं. गावाला मात्र दम निघेना. ते हायवे ओलांडून पलीकडे पसरलं. झालं, हायवे पुन्हा गावात!

या दुसऱ्या हायवेने कय्युमभाईंना पोसलं आणि त्यांच्या बायकोला, हसीनाबींना, छळलं. दुकानामागच्या खोलीत त्यांचा संसार, आणि हसीनाबींची धाकटी बहीण नाजमीन राहायची अगदी समोर, रस्त्यापलीकडे. तिच्या दारात वाळत घातलेले कपडे दिसायचे, पण जाणार कसं? ट्रकांची रांग तुटायचीच नाही. म्हणून ईदेला कय्युमभाई ट्रकचा मोठा टायर घरंगळवत रस्त्यात घालायचे. ड्रायव्हर ब्रेक मारायचे, शिव्या घालायचे, आणि तेवढ्यात हसीनाबी शीरखुर्म्याचं भांडं सांभाळत टायरच्या आडून पार. सख्ख्या बहिणीकडे जायला टायर लागावा, याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी बायपास सुरू झाला आणि ट्रक गेले. मुलगा आमिर बायपासवर जागा बघून आला. दुकान, बिऱ्हाड, सगळं तिकडे हलवायचं ठरलं. हसीनाबींनी भांडी गोणीत भरली. मी माझ्या स्कूटरचं पंक्चर काढायला गेलो, तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि कॉम्प्रेसर त्यात चढला होता.

एवढ्यात पलीकडून नाजमीनची हाक आली, "आपा, बेसन आहे का गं?"

हसीनाबींनी गोणीतून डबा उपसला आणि तरातरा रस्त्यात उतरल्या. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. "हसीना!" म्हणून ओरडत कय्युमभाई मागे धावले. रस्त्यावर होता एक सायकलवाला आणि दोन बकऱ्या. नाजमीनही अर्ध्यापर्यंत आली होती. दोघी दुभाजकावरच बसल्या आणि बेसन राहिलं बाजूला. आधी हसल्या, मग नाजमीन रडायला लागली, कारण टेम्पो तिलाही दिसत होता.

कय्युमभाईंनी दोघींकडे पाहिलं. मग परत आले आणि टेम्पोतला कॉम्प्रेसर खाली ओढू लागले.

आमिर माझ्याकडे वळला. "भाऊ, तुम्हीच सांगा अब्बांना. आता इथे कोणता ट्रक येणार?"

"ट्रकनं आमिर पाही तठे बायपासवर," कय्युमभाई मला म्हणाले. "मी आठेच स्कूटरी पाहस. आत्ते कोठे तिले बहीण भेटनी भाऊ, अन् मी तिले टेम्पोत घालू?"

मी कॉम्प्रेसर दुसऱ्या बाजूने धरला.