खालांनी मला सलमा म्हटलं

मंडळी, दवाखान्यातून लिहितेय.

दुपारी बडनेऱ्यात आमच्या शेजारच्या रुकय्या खालांना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. मी १०८ ला फोन लावला. "आडवं करू नका, बसतं ठेवा," पलीकडून सांगितलं. मी त्यांना छातीशी टेकवून बसले.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावला. झाडांच्या सावल्या त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या, सायरन कुठेतरी लांब वाजल्यासारखा वाटत होता. त्यांनी डोळे उघडले.

"सलमा, आली का वं तू? मले वाटलं, येतच नाही."

सलमा त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन कित्येक वर्षं झाली.

"आली ना आपा," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. श्वास हळूहळू संथ झाला.

डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. खाला झोपल्यात. उठल्यावर त्यांनी सलमा कुठं गेली विचारलं, तर काय सांगू?