भावजींचं प्लगिन आणि माझे पडदे

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एका माणसापुरतं काम कधी करतच नाहीत. करायचं तर अख्ख्या जगासाठी! वेबसाइटी हलत्या-बोलत्या करणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा असतो, त्याला जोडायचे छोटे तुकडे ते लिहितात. त्याला प्लगिन म्हणतात. एकदा लिहायचं, मग कुणीही फुकट उचलून आपल्या साइटवर लावायचं.

माझं पडद्यांचं दुकान. शिवायला दोन बायका, आणि हाताला काम नाही. तेवढ्यात एका नव्या हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. "नमुने साइटवर टाका, बघून याच आठवड्यात ठरवतो." हे काम मिळालं तर दोघी टिकणार, नाहीतर एकीला घरी बसवायचं.

भावजी दुकानामागच्याच खोलीत बसतात. नमुन्यांचे फोटो त्यांच्याकडे देऊन मी म्हटलं, "फोटोवर बोट ठेवलं की पडदा मोठा दिसू दे. बस्स, एवढंच."

"एवढंच कशाला, वहिनी? प्लगिनच करतो. सगळ्यांना होईल."

झालं! फोटो डावीकडून यावा की उजवीकडून, हळू की झटकन, प्रत्येकाची वेगळी सेटिंग. अर्धंकच्चं जगाला वाटूनही मोकळे झाले. मी रोज विचारायची, "आज लावताय ना?" तर ते प्लगिन लावलेल्या कुठल्या तरी परदेशी दवाखान्याची तक्रार आलेली असायची.

"आधी यांचं बघतो. तुम्ही काय, घरच्याच."

अहो, घरची म्हणून माझा नंबर शेवटचा? माझं डोकंच फिरलं. शेवटी मीच मॅनेजरला फोन लावला.

"तुमच्या समोरच्या दुकानाला दिलं काम," तो म्हणाला. "त्यांच्या साइटवर फोटो काय छान मोठे होतात! तो निळा, बारीक पट्ट्यांचा पडदा बघताक्षणी आवडला."

मी ती साइट उघडली. निळा पडदा माझा. तपकिरी माझा. पडदा धरलेला हातसुद्धा माझा, अंगठीसकट! भावजींनी प्लगिनसोबत नमुना म्हणून माझेच फोटो जोडले होते, आणि समोरच्या शहाण्याने ते फोटोंसकट उचललं होतं. मॅनेजरला पुन्हा फोन केला.

"सह्या झाल्या हो. आणि पडदा तुमचा कशावरून? तुमच्या साइटवर तर काहीच नाही!"

लॅपटॉप नेऊन भावजींपुढे आदळला. शिवणाऱ्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. भावजींनी पान खालीवर केलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"काय निष्काळजी माणूस आहे! नमुन्याचे फोटो काढून स्वतःचे लावा, असं मी ठळक अक्षरात लिहिलंय, वहिनी. लोक वाचतच नाहीत!"

दोघींपैकी कुणाला घरी बसवायचं ते आता मला ठरवायचं होतं, आणि दोघी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.