डाव्या हातानं दिलेलं पाणी

खिशातला घडीचा चाकू कुणी उघडला, की ती घटना आजही आठवते आणि माझी नजर आधी त्याच्या बोटांकडे जाते.

चाळीसगाव-धुळे रस्त्यालगतच्या एका गावात एका तरुणाचा त्याच्याच घरात खून झाला. पोरगा अविवाहित, दारूच्या पुरता आहारी गेलेला. मी तपासाला पोहोचलो तेव्हा त्याचा थोरला भाऊ ओट्यावर बसून होता, बाप उपरणं लपेटून आत.

"मीच मारं त्याले, साहेब. चाकू मनाच शे."

चाकू त्याचाच होता, गावाला ठाऊक होतं. पंचनामा केला, चाकू जप्त केला, त्याला अटक केली. तरी माझं मन खात होतं. पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, आणि कबुली द्यायला एवढा उतावीळ झालेला माणूस मला कधीच पटला नाही.

शिवाय तो चाकू. आमच्याकडे शेतकऱ्याच्या खिशात तो असतोच. सुतळी तोडा, ठिबकची नळी कापा, लिंबू चिरा, मोठी गुणाची वस्तू. पण बोटं अडवणारी आडवी पट्टी मुठीपुढे नसते. चिरायला ती लागतही नाही. भोसकताना मात्र टोक हाडाला लागून पातं थांबलं, की हात पुढे घसरतो आणि भोसकणाऱ्याचीच बोटं कापतात. दरवेळी असं होतं असं नाही. इथे मात्र शवविच्छेदनात वार बरगडीवर अडलेला दिसला, मूठही रक्तानं बरबटलेली होती. थोरल्याचे दोन्ही हात मी उलटसुलट पाहिले. साधा ओरखडा नव्हता.

थोरला कोठडीत, म्हणून धाकट्याचं दहावं बापानं, आबांनीच केलं. त्याच दुपारी गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, आबानी पोरले डावा हातवरी पानी दिधं. बठ्ठं गाव कुजबुजी ऱ्हायनं."

मेलेल्याला पाणी उजव्या हातानंच द्यायचं, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. मी तडक त्यांच्या घरी गेलो. आबा भिंतीला टेकून बसले होते, उजव्या हाताला उपरण्याचा तुकडा गुंडाळलेला.

"इळा लागना," ते म्हणाले.

विळ्यानं कापतो तो पीक धरलेला हात. आबा उजव्या हातानं काम करणारे, म्हणजे विळा लागायचा तर डाव्या हाताला. ते मी बोललो नाही. एवढंच विचारलं, "आबा, मग जेवता कोणत्या हातानं?"

उत्तर दाराआडून त्यांच्या बायकोनं दिलं. "मीच भरावस, साहेब." तिच्या गालावर जुन्या माराचा हिरवट डाग होता. तो पाहिला आणि मला पुढचं विचारावंसंच वाटेना.

आबांनी स्वतःच फडकं सोडलं. तीन बोटं आतून आडवी कापलेली, टाके न घातल्यामुळे चिघळलेली. "लहाना त्यानी मायले मारी ऱ्हायंता. घरमा पडेल मोठाना चाकू मना हातमा व्हता. मोठा तं वावरमा व्हता, साहेब, त्याले सोडा."

पुढे तपासणीत चाकूवर धाकट्याचं आणि आबांचं, दोघांचं रक्त निघालं. थोरला सुटला. ठाण्याच्या दारात त्यानं मला विचारलं, "मले सोडीसन काय मिळनं तुमले?" मी कायदा सांगितला. तो ऐकून घेऊन निघून गेला.

निर्दोष माणूस सुटला, खरा आरोपी सापडला. नोकरीत याला यश म्हणतात. खरं सांगतो, त्या यशानं मला कधी आनंद दिला नाही. हात वाचायला शिकलो, पण जे वाचलं त्याचं ओझं कुणाच्या तरी घरात नेऊन ठेवावं लागतं, हे त्या घरानं शिकवलं.

तारखेला आबांना कोर्टात आणत. बोटं कायमची ताठ राहिली होती. थोरला भाकरी कुस्करून त्यांच्या तोंडाशी धरायचा. बाहेरचं अन्न द्यायला मनाई होती. एकदा मी म्हणालो, "आबा, डाव्या हातानं खा की."

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. "पोरले पानी दिधं ह्या हातवरी, साहेब. आते ह्या हातवरी घास जास नही."

मी पाठ फिरवून उभा राहिलो. थोरला भरवत होता.