बाबांचं मशीन, माझे चार डायोड

रविवारी सकाळी देऊळघाटच्या आमच्या दुकानात मी दोनदा फ्यूज उडवला... आणि दुपारी आजवरचं सगळ्यात चांगलं काम केलं. दोन्ही सांगायलाच हवं, म्हणून ही पोस्ट.

आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरापुढचं टिनाचं शेड. वखर, फाटकं, ट्रॉलीचे हूक... बाबा तीस वर्षं हेच करताहेत. मशीन त्यांनी स्वतः भरलेलं आहे, तांब्याच्या तारेचा एकेक वेढा हाताने घालून. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले, पण त्या मशीनमध्ये किती वेढे आहेत ते झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

यंदा गावच्या शाळेने बाकांचं काम काढलं. मी जिथे सतरंजीवर बसून शिकले, तीच शाळा. मुख्याध्यापक सर म्हणाले, एक नमुना दाखवा, पसंत पडला तर सगळे बाक तुमच्याकडेच.

बाक पातळ पाइपचे. जास्त करंटने त्याला भोक पडतं म्हणून तो कमी ठेवावा लागतो, आणि कमी करंटवर एसी मशीनची आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, सारखी तुटते. पूर्वी बाबा ती नुसत्या हातावर सांभाळून घ्यायचे... पण दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. म्हणून करंट वाढवला, तर पहिल्या नमुन्याला चार ठिकाणी भोकं पडली. सरांनी पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दिला, नाहीतर बुलडाण्याहून करून आणू म्हणाले. बाबांनी तो बाक भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी म्हटलं, आर्क न तुटणारं नवीन इन्व्हर्टर मशीन घेऊ. "अन् याले काय भंगारात देऊ?" एवढंच म्हणाले. मग मी तो विषय काढला नाही.

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलंय, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची आकृती परीक्षेत तीनदा काढली आणि तीनदा पूर्ण मार्क मिळाले. म्हटलं, बाबांच्याच मशीनला डीसी करू. आर्क धरून राहील.

खामगावहून चार मोठे डायोड आणले, जाड बोल्टसारखे दिसणारे. ते थंड राहावेत म्हणून अॅल्युमिनियमच्या दोन प्लेट आणल्या, प्रत्येकीवर दोन-दोन बसवले. करंट सलग राहायला चोक लागतो... तो बाबांनी एका जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर भरून दिला. काही न विचारता.

आई मात्र दारातून बोलतच होती. "बी.एस्सी. केली ते पाने-पकड फिरवाले का वं? शॉक लागीन तं कोन पाह्यीन तुले?"

रविवारी स्विच टाकला. मशीन एकदम घुमलं... आणि फट्! फ्यूज गेला. आकृती तपासली, बरोबर होती. नवीन तार टाकली, पुन्हा फट्. शेजारचे किराणावाले काका ओरडले, "काय वं ग्रॅज्युएट, आज गावाची लाइन घालवते का?"

सोमवार उद्यावर आला होता. मला रडूच यायला लागलं. बाकांचं काम जाणार, आणि वरून त्यांचं मशीनही मी जाळणार...

बाबांनी मेन स्विच बंद केला आणि उकिडवे बसले. माझ्या कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मशीनमधून निघणाऱ्या एका वायरवर बोट ठेवलं आणि बोट पुढे पुढे नेत गेले. मग दुसऱ्या वायरवरून. दोन्ही वेळा बोट एकाच प्लेटवर येऊन थांबलं.

"हे दोघं एकाच पाटीवर काऊन बसवले?"

"थंड राहायला, बाबा."

"थंडे राह्यतीन माय, पण मशीनच्या दोन्ही वायरी इथं येऊन भेटून राह्यल्या ना. याचं बूडच तं वायर हाय."

मग मला कळलं. डायोडचं एक टोक म्हणजे त्याचं धातूचं बूड. त्या प्लेटमधून मी सरळ शॉर्ट करून ठेवला होता. कागदावरच्या आकृतीत प्लेट नसतेच... तीनदा पूर्ण मार्क मिळालेल्या माझ्या डायोडना कधी बूडच नव्हतं.

बाबांनी हॅक्सॉने ती प्लेट मधोमध कापली; दुसरीवरची दोन्ही बुडं जोडलेलीच हवी होती, ती तशीच ठेवली. दोन्ही तुकडे वेगवेगळे, करंट न वाहणाऱ्या हायलमच्या पट्ट्यांवर बसवले. मी वायरी पुन्हा जोडल्या, दोनदा तपासल्या. बाबांनी बोट फिरवून तिसऱ्यांदा तपासल्या.

स्विच टाकला. फ्यूज शाबूत. बाबांनी काच तोंडासमोर धरली आणि पाइपला रॉड टेकवला...

आमच्या मशीनचा आवाज म्हणजे कढईत भजी सोडल्यासारखी तडतड. हा आवाज वेगळाच होता. सलग आणि मऊ. आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, "काय झालं? मशीन बिघडली का?"

काचेमागून बाबा हसायला लागले. हसताना हात आणखी थरथरला... पण आर्क तुटली नाही. एकही भोक पडलं नाही.

सोमवारी सर त्या बाकावर बसले, मागेपुढे डोलून पाहिलं, सांध्यावरून अंगठा फिरवला. "बाकीचे कधी देता?" एवढंच विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहून उत्तर दिलं, "इंजिनीअरले इचारा." मी इंजिनीअर नाही हो... पण तेव्हा सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबांनी रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. डायोड आता एका टिनाच्या पेटीत बसवले होते, तिच्यावर नाव टाक म्हणाले. मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी एकेक अक्षर बोटाने दाखवत वाचलं. मग म्हणाले, "अन् तुह्यं? तुह्यं बी लिह्य. म्होरं बी.एस्सी. बी लिह्य."

लिहिलं. बाबांच्या नावाच्या खाली. ते म्हणाले, डीसी तू केली, तुह्यं वर पाह्यजे... मी म्हटलं, चूक ज्यांनी शोधली, त्यांचंच नाव वर राहील.